मे महिन्यातलं अस्वल : बाळाच्या लोकरी टोपीबद्दल थोडं स्पष्टच

मागच्या एका मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे साडेबारा वाजलेले आणि बाहेर पारा ४४ च्या आसपास. खानदेशात अशा वेळी घराबाहेर पडतो तो एकतर लग्नाचा वऱ्हाडी, नाहीतर पेशंट. दवाखान्यासमोर रिक्षा थांबली. आजी, मुलगा आणि सून उतरले. आजींच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं अठरा दिवसांचं बाळ. मी दुपटं बाजूला केलं, तर आतून चक्क एक अस्वल माझ्याकडे बघत होतं! तपकिरी लोकरीची टोपी, तिला दोन गोल कान, बटणांचे काळे डोळे, डोक्यावर गोंडा आणि हनुवटीखाली बांधायला वेणीसारखे दोन गोफ. हातापायांत त्याच लोकरीचे पंजे.

"साहेब, रात्रीपासून अंग तापलंय. दूधही नीट ओढत नाही," आई म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

काखेत थर्मामीटर लावला. १००.८ फॅरनहाइट. मी टोपी सोडायला लागलो, तशा आजी घाईघाईने म्हणाल्या, "डॉक्टर, पोऱ्याले वारा लागी जाई!"

टोपी काढली, पंजे काढले, दुपटं काढलं. एक पातळ सुती झबलं तेवढं ठेवलं. आईला शांत बसवून बाळाला अंगावर पाजायला सांगितलं. अर्ध्या तासाने पुन्हा तापमान बघितलं, तर ९९.२. बाळ चांगलं दूध पीत होतं आणि हातपाय हलवत होतं.

मग झालं का काम? नाही. अठरा दिवसांच्या बाळाला ताप आला, की "टोपीमुळे असेल" असं म्हणून डॉक्टरला घरी पाठवता येत नाही. इतक्या लहान वयात रक्तातल्या जंतुसंसर्गाचं पहिलं लक्षणही तापच असू शकतं. त्यामुळे रक्त काढलं, तपासण्या पाठवल्या आणि रात्रभर देखरेखीखाली ठेवलं. आईला रात्रभर झोप नाही, वडिलांचा खिसा हलका, बाळाच्या हाताला सुईचा टोचा. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. शेवटी निदान एकच उरलं : अस्वल.

(ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. पण तुमच्या ओळखीत असं अस्वल, ससा किंवा वाघोबा नक्की असेल.)

आता मला कुणी लोकरीचा शत्रू समजू नका. माझ्या आजीने विणलेली टोपी मीही घातली आहे. नातवंडासाठी महिनाभर सुया चालवणाऱ्या बाईच्या मायेला नावं ठेवण्याचा या लेखाचा हेतू नाही. माझं म्हणणं एवढंच आहे : टोपी घालायची की नाही, हे बाळाच्या वयावर ठरवू नका. हवेवर आणि बाळाच्या वजनावर ठरवा. आपल्याकडे "बाळ आहे ना, मग टोपी हवीच" असं गणित आहे. तेच चुकतं.

आजी बरोबर आहेत, पण केव्हा?

आधी टोपीची बाजू मांडतो, कारण ती मजबूत आहे.

नवजात बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं. मोठ्या माणसाच्या एकूण त्वचेपैकी साधारण ९ टक्के डोक्याची असते. बाळात हेच प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे बाळाच्या अंगातली उष्णता बाहेर जायला डोकं ही मोठी खिडकी आहे. शिवाय बाळाला आपल्यासारखं कुडकुडून ऊब तयार करता येत नाही. त्याच्या मानेभोवती, खांद्यांच्या मधे आणि मूत्रपिंडांभोवती खास तपकिरी चरबी असते. ती जाळून ते ऊब तयार करतं. कमी दिवसांच्या बाळात हा साठाही अपुरा असतो.

जन्मल्या क्षणी बाळ ओलं असतं. त्याला लगेच पुसलं नाही, तर पहिल्या १० ते २० मिनिटांतच त्याचं तापमान २ ते ४ अंश सेल्सिअसने उतरू शकतं. म्हणून प्रसूतीनंतर आम्ही बाळाला आधी कोरडं करतो, आईच्या छातीवर उघड्या अंगाने ठेवतो, वरून पांघरूण घालतो आणि डोक्यावर टोपी चढवतो. क्रम लक्षात घ्या : आधी कोरडं, मग टोपी. ओल्या डोक्यावरची टोपी म्हणजे कपाळावरची ओली पट्टीच! ती ऊब देत नाही, उलट काढून घेते.

दोन किलोच्या आतल्या बाळाला तर टोपी हा उपचाराचाच भाग आहे. कांगारू पद्धतीत बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे घालून आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवतात. ही पद्धत १९७८ च्या सुमारास कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. काचेच्या पेट्या कमी आणि बाळं जास्त, अशी तिथे अडचण होती. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात भारतासह पाच देशांतली १ ते १.८ किलो वजनाची बाळं होती. जन्मानंतर लगेच कांगारू पद्धत सुरू केलेल्या बाळांमध्ये पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. या उपचारात यंत्र कुठलं? आईची छाती आणि एक साधी टोपी.

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळाला उबदार ठेवणं हा त्या शिक्षणाचा एक महत्त्वाचा धडा होता. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. आज तुमच्या दारी आशाताई येतात ना? दवाखान्यात बाळंतपण झालं असेल, तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या बाळाला बघतात. त्यामागे गडचिरोलीचा तो अनुभव आहे. त्या थर्मामीटर काढतात, तेव्हा "कशाला, बाळ चांगलं आहे" असं म्हणू नका. लावू द्या.

आणि खानदेशातली थंडीही साधी नसते. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा कितीतरी वेळा आठ अंशांच्या खाली जातो. सातपुड्याच्या पायथ्याला, शिरपूर, चोपडा, यावल, रावेरकडे शेतातल्या घरात पहाटे काय गारवा असतो, ते तिथे राहणाऱ्यालाच विचारा. अशा पहाटे बाळाला घेऊन एसटी स्टँडवर उभं राहायचं असेल, तर टोपी हवीच. अस्वलाची असली तरी चालेल!

मग मे महिन्यात काय होतं?

जी खिडकी थंडीत बंद करायची, तीच उन्हाळ्यात उघडी लागते. बाळाला फारसा घाम येत नाही. खोलीतली हवाच चाळीस अंशांकडे निघाली असेल, तर डोक्यावाटे जाणारी थोडीफार उष्णताही टोपीने अडते. पत्र्याचं घर असेल तर विचारूच नका. माळदाचं धाब्याचं जुनं घर त्या मानाने थंड असतं, पण आता धाबी उरली किती?

तापलेलं बाळ आधी चिडचिड करतं, मग सुस्त होतं. सुस्त झालं की दूध ओढत नाही. दूध कमी गेलं की अंगातलं पाणी कमी होतं, लघवी कमी होते आणि ताप आणखी वाढतो. असं हे चक्र आहे. इथे एक चूक हमखास होते. "उन्हाळा आहे" म्हणून बाळाला चमच्याने पाणी पाजलं जातं. सहा महिन्यांपर्यंत पाणी नको, मे महिन्यातही नको. आईच्या दुधात पाणी भरपूर असतं, फक्त पाजण्याच्या वेळा वाढवा. पाणी पिऊन पोट भरलं की बाळ दूध कमी पितं, आणि पाण्यातून जंतू जातात ते वेगळंच.

"पण टाळू उघडी राहिली तर वारा शिरतो ना?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतो. टाळूच्या जागी हाड जुळलेलं नसतं, पण तिथे मजबूत पडदा असतो, वर कातडी असते. त्यातून वारा आत जात नाही. कानातूनही वारा मेंदूत जात नाही, कारण मधे कानाचा पडदा असतो. लहान मुलांचा कान फुटतो, तो बहुधा सर्दीनंतर. घशातून कानाकडे जाणारी नळी सुजते आणि आत पाणी साचतं, म्हणून. झोपवून पाजलेली बाटली आणि घरातली विडी-सिगारेट यांचा कानाच्या दुखण्याशी वाऱ्यापेक्षा जवळचा संबंध आहे. कूलर जरूर लावा. झोत थेट बाळाच्या अंगावर येऊ देऊ नका, एवढंच.

हाताच्या पालथ्या बाजूची परीक्षा

बाळाला गार वाटतंय की गरम, हे कसं ओळखायचं? सोपं आहे. आपल्या हाताची पालथी बाजू आधी बाळाच्या पोटाला आणि मग तळपायाला लावा.

पोट कोमट आणि पायही कोमट, गुलाबी : सगळं ठीक आहे. काही वाढवू नका, काढू नका.

पोट कोमट, पण पाय गार : बाळ थंडीशी झगडतंय. टोपी घाला, मोजे घाला, छातीशी धरा, पाजा.

पोटही गार, पायही गार : हे धोक्याचं आहे. छातीशी त्वचेला त्वचा लावून धरा, वरून पांघरा आणि तसंच दवाखान्यात न्या.

पोट, मान, पाठ चटका बसल्यासारखी गरम, चेहरा लालसर : आधी टोपी काढा, मग कपडे कमी करा, पाजा. पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासाने थर्मामीटर लावा. काखेतलं तापमान ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट असेल तर ठीक. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप १००.४ किंवा त्याहून जास्त भरला, तर घरगुती उपाय करत बसू नका. कपडे काढल्यावर ताप उतरला, तरी त्याच दिवशी दाखवून घ्या. आणि बाळ सुस्त असेल, दूध पीत नसेल, तर थर्मामीटर काहीही म्हणो, लगेच निघा.

झोपताना टोपी नको

यावर आजी लोक माझ्यावर सगळ्यात जास्त रागावतात. पण घरात झोपलेल्या, पूर्ण दिवसांच्या, चांगल्या वजनाच्या बाळाला टोपीची गरज नसते. झोपेत टोपी नाकातोंडावर सरकू शकते आणि बाळाला ती हाताने दूर करता येत नाही. दुसरं म्हणजे झोपेत अंग फार तापणं आणि डोकं-तोंड झाकलं जाणं, या दोन्हींचा संबंध बाळाच्या झोपेतल्या अचानक मृत्यूशी जोडला गेला आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलं आहे, की जन्मानंतरचे पहिले काही तास आणि अतिदक्षता कक्ष सोडला, तर घरात बाळाला टोपी घालू नये.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेत घरं गरम ठेवलेली असतात, आमच्या पिंपळनेरच्या घरात जानेवारीत तसं नसतं. बरोबर आहे. म्हणून मी त्यांचा नियम जसाच्या तसा लादत नाही. खोली खरोखर गार असेल, पायाला हात लावून बाळ गार लागत असेल, तर पातळ, घट्ट बसणारी, बिनगोफाची सुती टोपी घाला आणि बाळावर लक्ष ठेवा. पण शेगडी पेटवून, दारं-खिडक्या बंद करून, वरून लोकरी टोपी आणि दोन दुपटी, हे एकत्र कधीच नको. बंद खोलीतल्या कोळशाच्या धुराने बाळ आणि बाळंतीण दोघांचाही जीव जाऊ शकतो.

अस्वलाचे डोळे

आता प्राण्यांच्या टोप्यांकडे येऊ. पूर्वी बाळंतविड्यात टोपरी, कुंच्या, झबली, दुपटी असायची. आता मोबाईलवर बघून ससा, घुबड, बेडूक, सिंह विणले जातात. मला ते आवडतं. पाचोरा-अमळनेरकडच्या साठीतल्या बायका यूट्यूबवर बघून घुबड विणतात, याचं मला खरंच कौतुक वाटतं. पण प्राणी आला की त्याच्याबरोबर डोळे आले, नाक आलं, शेपूट आली.

बटण, मणी, हलणारे प्लास्टिकचे डोळे, चिकटवलेल्या टिकल्या यातलं काहीही तीन वर्षांखालच्या मुलाच्या टोपीवर नको. चार-पाच महिन्यांचं बाळ टोपी ओढून काढतं आणि थेट तोंडात घालतं. लाळेने दोरा भिजतो, ओढून ओढून सैल होतो, बटण सुटतं आणि घशात जातं. बाळाची श्वासनळी इतकी अरुंद असते, की शेंगदाण्याएवढी वस्तूही जीव घेऊ शकते. खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाची नळकांडी वापरतात. त्यात जी वस्तू पूर्ण मावते, ती लहान मुलासाठी धोक्याची धरतात. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं आहे. पण घरी विणलेल्या टोपीची परीक्षा कुणी घेत नाही. ती आपल्यालाच घ्यावी लागते.

लोकरीचा गोंडाही तसाच. तो कापलेल्या धाग्यांचा असतो. धागे सुटतात, तोंडात जातात, नाकाला चिकटतात. हनुवटीखालचे गोफ मानेभोवती आवळले जाऊ शकतात किंवा पाळण्याच्या कडीत अडकू शकतात. आणि हे फक्त नव्या टोप्यांचं पाप नाही बरं! बारशाच्या मोत्याच्या कुंचीलाही हेच लागू आहे. फोटोपुरती घाला, फोटो झाला की काढा. मोती घातलेल्या बाळाला पाळण्यात एकटं झोपवू नका.

आता जळगाव-धुळ्यातही बाळांचे स्टुडिओत फोटो काढतात. दहा दिवसांचं बाळ, अंगावर काही नाही, डोक्यावर सशाची टोपी, खाली टोपली आणि वर एसी. फोटो काढायला माझी हरकत नाही. एसी बंद ठेवायला सांगा, बाळावर सतत एकाचा हात राहू द्या आणि हनुवटी हातावर टेकवून बसवलेल्या 'बेडूक' पोझचा हट्ट धरू नका. तुम्ही बघता ते चित्र बहुधा दोन फोटो जोडून केलेलं असतं. बाळाची मान तसा भार पेलू शकत नाही.

पंज्यातला धागा

टोपीपेक्षा मला जास्त भीती वाटते ती लोकरी हातमोज्यांची. एका आईने रात्रभर रडणारं महिन्याचं बाळ पहाटे आणलं. पोटदुखीचे थेंब देऊन झाले होते, हिंग लावून झाला होता, दृष्टही काढून झाली होती. मी वाघाचा पंजा काढला, तर आतला एक सुटा धागा करंगळीला गुंडाळला गेला होता. करंगळी जांभळी आणि टम्म सुजलेली. धागा इतका रुतला होता, की भिंगातून बघून कापावा लागला. करंगळी वाचली. आणखी काही तास गेले असते, तर कदाचित वाचली नसती.

हे का होतं, ते विणणाऱ्या बायकांना लगेच कळेल. प्राण्याचा चेहरा, पट्टे किंवा ठिपके विणताना रंग बदलतो. नको असलेला रंग मागच्या बाजूने ओढून नेतो, आणि आत लांब लांब सुटे धागे राहतात. वरून वाघ सुरेख दिसतो, आत मात्र फासे तयार असतात.

म्हणून हातमोजे घालूच नका. नखांनी ओरबाडतं म्हणता? झोपेत असताना नखं कापा. बाळ हात तोंडाकडे नेतं, तेव्हा ते भुकेची खूण करत असतं. पंजे घातले की ती खूण आपल्याला दिसत नाही. पायमोजे घालायचे असतील, तर रोज उलटे करून आतून बघा. आणि कारण कळत नसताना बाळ सतत रडत असेल, तर सगळे कपडे काढून हातापायांची वीसही बोटं तपासा. मुलगा असेल तर शूच्या जागीही बघा. आईचा गळालेला केसही असाच गुंडाळला जातो.

पेटीतली टोपी आणि डांबरगोळी

ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. मोठ्या भावंडाची लोकरी टोपी आपण पेटीत जपून ठेवतो. लोकरीला कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाकतो. दुसरं बाळ आलं की पेटी उघडून टोपी तशीच चढवतो.

डांबरगोळीतलं नॅफ्थलीन वासातून आणि त्वचेतून बाळाच्या रक्तात जातं. काही बाळांमध्ये जन्मतःच 'जी-सिक्स-पीडी' नावाचं एक विकर कमी असतं. अशा बाळाच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनमुळे भराभर फुटतात, कावीळ झपाट्याने वाढते आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ही कमतरता मुलग्यांमध्ये जास्त त्रास देते, आणि सातपुड्यातल्या काही आदिवासी समाजांसह देशातल्या बऱ्याच समाजगटांत आढळते. आपल्या बाळात ती आहे की नाही, हे बघून कळत नाही.

उपाय अगदी सोपा आहे. बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी कधीच टाकू नका, कडुनिंबाचा वाळलेला पाला टाका. आधीच टाकली असेल, तर ते कपडे नवजात बाळाला वापरूच नका.

कापसाच्या मुलखात सुती धागा

आपण ज्याला लोकर म्हणतो, ती बाजारात मिळणारी स्वस्त रंगीत लोकर बहुतेक वेळा मेंढीची नसतेच. ती ॲक्रिलिक, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक असते. ती घाम शोषत नाही. बाळाच्या कपाळावर, मानेवर घामोळं येतं आणि आई मला विचारते, "साहेब, हे गोवर तर नाही?" खरी लोकर असली तर ती नाजूक कातडीला टोचते.

जळगाव-धुळे हा कापसाचा मुलूख. आणि आपलीच बाळं प्लास्टिकच्या टोप्या घालून घामेजतात, याची मला गंमत वाटते आणि वाईटही वाटतं. क्रोशाच्या सुती धाग्यात ससाही होतो आणि सिंहही. सुती टोपी उकळत्या पाण्यात टाकता येते, घाम शोषते आणि दर धुण्यागणिक मऊ होते.

विणकाम जाणणाऱ्यांसाठी काही मापं देतो. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो. तीन महिन्यांना तो ४० च्या आसपास, सहा महिन्यांना ४३ आणि वर्षाला ४६ च्या आसपास होतो. दीड किलोच्या बाळाचा घेर २८ ते ३० असतो. टोपी घेरापेक्षा दोनेक सेंटिमीटर लहान विणा. काठाला सुलट-उलट टाके घेतले की ती ताणून नीट बसते. कान झाकले जावेत, भुवया झाकू नयेत. काढल्यावर कपाळावर वळ उठत असेल तर टोपी घट्ट आहे. प्राण्याचे कान टोपीबरोबरच विणा, डोळे आणि नाक दोऱ्याने घट्ट भरा. गोंडा नको, गोफ नको. शेवटचे धागे आत लांबवर ओवून मगच कापा. झाली टोपी!

माया, पण नियमाने

डेन्मार्कमध्ये २०१३ मध्ये काही लोकांनी कमी दिवसांच्या बाळांसाठी क्रोशाचे छोटे ऑक्टोपस विणायला सुरुवात केली. कल्पना अशी, की बाळ त्याचे पाय धरतं, त्याला नाळेची आठवण होते आणि ते काचपेटीतल्या नळ्या ओढत नाही. ही गोष्ट जगभर पसरली. त्याने बाळाचा श्वास किंवा ठोके सुधारतात, याचा भक्कम पुरावा नाही, हेही सांगायला हवं. पण मला आवडली ती त्यांची शिस्त : धागा पूर्ण सुती, ऑक्टोपस ६० अंश पाण्यात धुता आला पाहिजे आणि ताणल्यावर पायाची लांबी २२ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे मानेभोवती गुंडाळणार नाही. माया करायची, पण मोजमाप करून.

आपल्याकडे विणणारे हात भरपूर आहेत. महिला मंडळं आहेत, भिशी आहे, बचत गट आहेत. त्यांच्यासाठी माझं एक सुचवणं आहे. घरच्या नातवासाठी दहावी टोपी विणण्याआधी, जवळच्या सरकारी दवाखान्यातल्या नवजात बाळांच्या कक्षात जाऊन तिथल्या सिस्टरना भेटा. काय लागतं ते विचारा. तिथे दीड-दोन किलोची बाळं असतात. बाजारात त्यांच्या मापाची टोपी सहज मिळत नाही, आणि मोठी टोपी डोळ्यांवर येते. २८ ते ३० सेंटिमीटर घेराच्या साध्या सुती टोप्या, त्यांच्या नियमात बसत असतील तर, धुऊन नेऊन द्या. जिथे टोपीने खरोखर फरक पडतो, ती जागा ती आहे.

त्या अस्वलवाल्या आजी सहाव्या आठवड्याच्या लसीला पुन्हा आल्या होत्या. जूनचा दुसरा आठवडा, पाऊस अजून लांबच होता. बाळ पातळ झबल्यात, डोकं उघडं, मजेत पाय झाडत होतं. मी विचारलं, "आजी, अस्वल कुठे गेलं?"

"ठेवलंय," त्या म्हणाल्या. "दिवाळीनंतर काढीन. डोळे उसवून टाकले त्याचे, आता दोऱ्याचे भरते."

मी म्हटलं, दिवाळीपर्यंत डोकं वाढेल, नवीन मापाने विणावं लागेल. आजी खूश झाल्या. त्यांना विणायला निमित्तच हवं होतं!